फोर्क बदलला की फ्रेम बदलते

ट्रायल्सची सायकल घ्यायला निघालेली मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. वजन किती, ब्रेक कुठले, फ्रेम ॲल्युमिनियमची की क्रोमोलीची, आणि केवढ्याला पडेल. मापं क्वचितच कुणी विचारतं. बॉटम ब्रॅकेट (फ्रेममध्ये क्रँकचा आस जिथे बसतो ती जागा) चाकांच्या आसापेक्षा किती वर आहे, चेनस्टे (तिथून मागच्या आसाकडे जाणारी नळी) किती लांब आहे, हेड ट्यूब (हँडलखालची, फोर्कची दांडी जिच्यातून जाते ती नळी) किती अंशांत कलली आहे, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) किती उंच आहे, हे आकडे वाचून सायकल डोळ्यांसमोर उभी राहत नाही, म्हणून ते मागे पडतात. पण सायकल पायाखाली कशी वागेल, आणि तोल गेला तर तुम्ही पुढे पडाल की मागे, हे याच आकड्यांवर ठरतं. माझं डावं मनगट आजही पूर्ण मागे वळत नाही. त्याचं कारण हव्या त्यापेक्षा ७० मिलिमीटर उंच असलेला एक फोर्क आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खडक, ओंडके, भिंती, काँक्रीटचे पाइप अशा अडथळ्यांवरून पाय जमिनीला न टेकवता सायकल नेणं म्हणजे ट्रायल्स. वेगाला इथे फारसा अर्थ नाही. बराचसा खेळ जागच्या जागी उभं राहून किंवा मागच्या एकाच चाकावर उड्या मारत चालतो. स्पर्धेच्या सायकलला सीट नसते, गिअर एकच असतो, फ्रीव्हील बहुतेक वेळा मागच्या चाकाऐवजी पुढे क्रँकवर असतं, आणि मागच्या टायरमध्ये हवा इतकी कमी ठेवतात की अंगठ्यानं दाबलं तरी टायर आत जातो. जागतिक स्पर्धांत २० इंची आणि २६ इंची चाकांचे वेगळे गट आहेत. शहरातले कठडे आणि पायऱ्या यांवर चालणाऱ्या ‘स्ट्रीट’ प्रकारात २४ इंची चाकं रुळली आहेत.

खेळाचं मूळ स्पेनमधल्या कातालोनियात आहे. माँटेसा या मोटरसायकल कंपनीत काम करणाऱ्या पेरे पी यांनी मोटरसायकल ट्रायल्सची तालीम मुलांना सायकलवर करता यावी म्हणून छोट्या सायकली घडवल्या. त्यातून पुढे माँटी हे नाव उभं राहिलं आणि त्यांचा मुलगा ओत पी जगज्जेता झाला. सुरुवातीच्या त्या सायकलींना सीट होती, बॉटम ब्रॅकेट खाली होता. उड्यांची उंची वाढत गेली तशी सीट गेली, बॉटम ब्रॅकेट वर सरकला, स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा भाग) लांब झाला आणि वर उचलला गेला. यातला प्रत्येक बदल दुसऱ्याला धरून झालेला आहे. म्हणून त्यातला एक भाग काढून भलताच बसवला, तर बाकीचे भाग तेच राहूनही सायकल वेगळी होते.

माझी फ्रेम भाच्यानं आणली. तो इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. यॉर्कशरमध्ये हा खेळ चांगला रुजलेला आहे, तिथल्या एका खेळाडूकडून त्यानं २६ इंची स्पर्धेची फ्रेम घेतली. मूळ फोर्कला तडा गेलेला होता, म्हणून तो तिथेच सोडून दिला, ते योग्यच केलं. आता पुण्यात ट्रायल्सचा ताठ फोर्क कुठून मिळणार? ज्या दुकानात सायकल बांधायला दिली त्यांनी १०० मिलिमीटर दबणारा, माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क बसवून दिला. मी खोदून विचारलं होतं. ‘काका, स्टीअररचं माप सेम आहे, फिट बसलाय. उलट धक्के कमी बसतील तुम्हाला,’ असं उत्तर मिळालं. माणूस सायकलीतला जाणकार होता, हात स्वच्छ होता, बेअरिंगच्या कटोऱ्या त्यानं सुरेख बसवल्या होत्या. ट्रायल्सची फ्रेम मात्र त्याच्या हाताखालून पहिल्यांदाच जात होती.

सायकल जागेवर उभी करतानाच काहीतरी बिनसलंय हे जाणवायला लागलं. ट्रायल्समध्ये आधी शिकायचं ते दोन्ही ब्रेक धरून, पुढचं चाक थोडं वळवून, स्थिर उभं राहणं. माझं हँडल जरा वळवलं की कब्जा सैल झालेल्या दारासारखं आपोआप आणखी वळायचं, आणि त्याला रोखण्यात खांदे भरून यायचे. पुढचं चाक उचलायला मात्र ही सायकल फारच सोपी वाटायची. नुसतं मागे झुकलं की चाक वर. बघणाऱ्यांना ते कौशल्य वाटायचं. सवयीनं बाकीचंही जमेल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

मुळशीच्या वाटेवर एका मित्राच्या शेतात काळ्या दगडांची रास आहे, तिथे आमचा सराव चालायचा. गुडघ्याच्या थोडा वर येणारा एक सपाट माथ्याचा दगड होता. पुढचं चाक अलीकडच्या लहान दगडावर टेकवायचं, वजन खाली दाबायचं, त्या दाबाची उसळी मिळताच क्रँकला अर्धा फेरा जोरात मारायचा आणि मागच्या चाकावरून वर जायचं, असा तो डाव. ताठ फोर्क दाबलेलं लगेच परत देतो. माझा फोर्क आधी आत गेला आणि उशिरा उसळला. तोवर माझा पाय पायडलवर मारून झाला होता. दोन्ही जोर एकाच क्षणी आले, पुढचं चाक माझ्या डोक्याच्या पातळीला गेलं आणि बोट मागच्या ब्रेकवर आवळेपर्यंत सायकल पायांखालून पुढे निघून गेली. मी मागे, आणि आधारासाठी मागे टेकलेला डावा हात खाली.

मनगटाबद्दल दोन शब्द, कारण या खेळात हीच दुखापत सर्रास होते. पसरलेल्या तळहातावर पडलं की अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं. सूज फार येत नाही, बोटं हलतात, त्यामुळे मुरगळलं असेल असं समजून लोक घरी बसतात. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड पुष्कळदा दिसतही नाही. माझ्याही दिसली नव्हती. पण अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबल्यावर कळ आली, एवढ्यावरून अस्थितज्ज्ञांनी हात प्लास्टरच्या पट्टीत बांधला आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला लावला. त्यात रेघ दिसली. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या टोकाकडून होतो, म्हणून दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि पुढे सांधा झिजतो. पडल्यानंतर त्या खळग्यात दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सायकल हातात घेऊ नका.

हात बांधलेला असताना सायकल चालवता येत नव्हती, मोजता मात्र येत होती. शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ मागून आणली, मुलीनं दोरीचं दुसरं टोक धरलं. भाच्यानं फ्रेमच्या पहिल्या मालकाला विचारून मूळ मापं कळवली. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा सगळा उलगडा झाला.

मूळ फोर्कची उंची, म्हणजे चाकाच्या आसापासून फोर्कच्या डोक्यावरच्या कटोरीपर्यंतचं अंतर, ४०० मिलिमीटर होती. माझ्या सायकलला बसलेला फोर्क ४७० चा. फ्रेमचं पुढचं तोंड ७० मिलिमीटर वर ढकललं गेलं, म्हणजे सगळी फ्रेम मागच्या आसाभोवती जवळजवळ साडेतीन अंश मागे फिरली. हेड ट्यूबचा कोन ७२ अंशांवरून साडेअडुसष्टवर आला. दोन आसांमधलं अंतर १०८० होतं ते ११०३ झालं. बॉटम ब्रॅकेट आसांच्या रेषेपेक्षा ५० मिलिमीटर वर होता, तो ७३ वर गेला. हँडल साधारण सहा सेंटिमीटर वर आणि चार सेंटिमीटर मागे, माझ्या पोटाकडे सरकलं. फ्रेमवर कुणी फाइलसुद्धा फिरवली नव्हती, तरी ज्या फ्रेमचे पैसे मोजले होते ती फ्रेम माझ्याकडे उरलीच नव्हती.

यातला बॉटम ब्रॅकेटचा हिशेब नीट समजून घ्या, कारण ट्रायल्सची अर्धी भूमिती त्यातच आहे. साध्या माउंटन बाइकमध्ये बॉटम ब्रॅकेट आसांच्या रेषेखाली असतो, ट्रायल्समध्ये वर. का? मागच्या चाकावर उभं राहायचं तर तुमचं वजन त्या चाकाच्या जमिनीला टेकलेल्या ठिपक्यावर यायला हवं. पाय त्या ठिपक्याच्या जितके पुढे, तितकं कंबरडं मागे लोंबवावं लागतं, आणि लोंबलेल्या शरीराला वर उडी मारायला जोर उरत नाही. आता सायकल ३० अंश मागे उचललेली धरा. माउंटन बाइकचा चेनस्टे ४३० मिलिमीटर आणि बॉटम ब्रॅकेट रेषेखाली ३५ असेल, तर पाय मागच्या आसाच्या जवळजवळ ३९० मिलिमीटर पुढे राहतात. ट्रायल्सच्या फ्रेमचा चेनस्टे ३८० आणि बॉटम ब्रॅकेट ५० वर असेल, तर त्याच कोनात पाय ३०० वर येतात. तब्बल नऊ सेंटिमीटरचा फरक. म्हणूनच ट्रायल्सच्या सायकलवर माणूस मागच्या चाकावर ताठ उभा राहू शकतो.

माझ्या बिघडलेल्या सायकलवर हेच अंतर २८६ झालं होतं. चौदा-पंधरा मिलिमीटरनं काय होतं, असं वाटेल. पण त्याच वेळी हातही चार सेंटिमीटर मागे आले होते, म्हणजे छाती आणि डोकंही मागे. तोलाचा बिंदू गाठायला थोडंच मागे जावं लागत होतं आणि तो ओलांडायला त्याहून थोडं. पुढचं चाक सहज उचललं जात होतं याचा खरा अर्थ एवढाच, की सायकल सतत मागे पडण्याच्या काठावर उभी होती. शिकणाऱ्याला हा फरक आतून कळत नाही. त्याला वाटतं, आपलं जमतंय.

आता हँडल आपोआप का वळायचं ते पाहू. हेड ट्यूबची रेषा पुढे जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाकाच्या टेकलेल्या ठिपक्याच्या पुढे जाऊन मिळते. या दोघांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. २६ इंची चाक, ७२ अंशांचा कोन आणि ३८ मिलिमीटर ऑफसेट (हेड ट्यूबच्या रेषेच्या जितका पुढे चाकाचा आस असतो ते अंतर) असेल तर ट्रेल ६७ मिलिमीटरच्या आसपास येतो. कोन साडेअडुसष्ट झाला की तोच ट्रेल ८९ होतो. उतारावर वेगात जाणाऱ्या सायकलला जास्त ट्रेल हवाच असतो, हँडल सरळ राहतं. उभ्या सायकलला मात्र तो जाच आहे, कारण हँडल वळवताना सायकलचं पुढचं अंग खाली बसतं आणि वजनच हँडलला आणखी वळवतं. ही ओढ माझ्या सायकलवर मूळ मापापेक्षा दीडपट झाली होती. ट्रायल्सच्या फ्रेमचा कोन उभट का ठेवतात, त्याचं उत्तर यात आहे. २० इंची सायकलवर चाकच लहान असल्यामुळे ट्रेल आणखी कमी येतो, म्हणून ती हातात जास्त चपळ, आणि नवख्याला जरा बावरी वाटते.

हात बरा झाल्यावर भाच्याकडून ४०० मिलिमीटरचा ताठ फोर्क मागवला. तोच मी, तेच दगड, पण पहिल्याच दिवशी हँडल सोडलं तर जागेवर राहिलं आणि पुढचं चाक उचलायला पुन्हा मेहनत पडायला लागली. ती मेहनत हवी असते. ती तुम्हाला सांगत असते की तोल अजून तुमच्या बाजूला आहे.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. २० इंची ट्रायल्सच्या फ्रेमला चाक तेच म्हणून बीएमएक्सचा फोर्क बसवून दिलेला मी पाहिला आहे. बीएमएक्सचा फोर्क बराच आखूड असतो. पुढचं तोंड खाली जातं, हेड ट्यूब आणखी उभी होते, बॉटम ब्रॅकेट खाली येतो. त्या सायकलवर मागच्या चाकावर जाणं जड होतं आणि पायरीवरून उतरताना माणूस हँडलवरून पुढे जातो. तिथे मनगटाऐवजी दात आणि गळपट्टीचं हाड.

एवढं सांगितलं की मुलं विचारतात, मग सगळ्यात उंच बॉटम ब्रॅकेट आणि सगळ्यात आखूड चेनस्टे घ्यायचा का? नाही. आजच्या २६ इंची स्पर्धेच्या फ्रेम्समध्ये बॉटम ब्रॅकेट ७० मिलिमीटर आणि त्याहूनही वर असतो, पण त्या फ्रेम्स अशा खेळाडूंसाठी आहेत ज्यांचं अर्धं आयुष्य मागच्या चाकावर गेलं आहे. त्यांना उडीत झटपटपणा हवा असतो. दोन्ही चाकांवर साधं चालताना, वळताना, उतरताना त्याच उंचीमुळे सायकल डुगडुगते, ते त्यांना खपतं. शिकणाऱ्यानं ३० ते ५० च्या दरम्यान राहावं, असं माझं ठाम मत आहे. चेनस्टेही फार आखूड असला तर चढावर नुसता पायडल मारला तरी पुढचं चाक सुटतं. दोन आसांमधलं अंतर जास्त असेल तर लांबच्या दगडावर पुढचं चाक टेकवता येतं आणि मागच्या चाकावरचं डोलणं संथ होतं, पण दोन ओंडक्यांमधल्या अरुंद जागेत वळायला तीच लांबी आडवी येते.

आणि स्टेम. लांब, वर उचललेला स्टेम दिसायला विचित्र दिसतो, म्हणून काही जण तो काढून माउंटन बाइकचा आखूड स्टेम लावतात. असं करू नका. उंच बॉटम ब्रॅकेटमुळे तुम्ही मागच्या चाकाच्या जवळ येता आणि लांब स्टेम हातांना पुढे ठेवून त्याचा तोल राखतो. स्टेम आखूड केला की माझ्यासारखंच हँडल पोटाशी येतं, फक्त वेगळ्या वाटेनं.

आपल्याकडे या खेळाची ओढ बहुतेकांना डॅनी मॅकॅस्किलमुळे लागली आहे. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा हा मुलगा, २००९ साली एडिंबरामध्ये चित्रित केलेल्या त्याच्या व्हिडिओनं जगभर गाजला. तो पाहून मुलं स्पर्धेची २६ इंची फ्रेम मागवतात आणि मग तिच्यावर गिरक्या जमत नाहीत म्हणून खट्टू होतात. त्याची ती सायकल २४ इंची चाकांची होती, सीट असलेली. स्ट्रीटच्या फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट तुलनेनं खाली, लांबी कमी आणि स्टेम आखूड असतो, कारण तिथे वेगात चालणं, हवेत वळणं आणि मागच्या चाकावर नुसतं घरंगळत जाणं या गोष्टी करायच्या असतात. आधी तुम्हाला खडकावर चढायचं आहे की कठड्यावरून उडायचं आहे ते ठरवा. दोन्हीला एकच फ्रेम घेणारा दोन्हीकडे हळहळतो.

लहान मुलांबाबत पालकांना कळकळीनं सांगायचं आहे. ‘वाढत्या अंगाचं’ माप सायकलीत चालत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला २६ इंची सायकल देऊन ‘होईल मोठा’ म्हणू नका. त्याला २० इंचीवरच शिकू द्या. मोठ्यांच्याही स्पर्धा त्या चाकांवर होतात, म्हणजे ती काही लहान मुलांची सायकल नव्हे.

वापरलेली फ्रेम घेताना मापं स्वतः घ्यायची, आणि ती फोर्क, चाकं, टायर सगळं बसवलेल्या सायकलवर. पाणसळ लावून सपाट फरशी शोधा. एका आसापासून दुसऱ्या आसापर्यंत दोरी ताणून बांधा, तीच दोन आसांमधली लांबी. बॉटम ब्रॅकेटचा मध्य त्या दोरीच्या किती वर आहे ते मोजा. ट्रायल्समध्ये मागचा आस खाचेत पुढे-मागे सरकवून चेन ताणतात, त्यामुळे चेनस्टेची लांबी एखाद्या सेंटिमीटरनं सहज बदलते, म्हणून ती चेन ताणलेली असतानाच घ्या. मोबाइलमधली लेव्हल आधी फरशीवर तपासून मग हेड ट्यूबला लावली की कोन मिळतो. ट्रेलसाठी एक सरळ पट्टी हेड ट्यूबच्या रेषेत जमिनीपर्यंत धरा, ओळंबा पुढच्या आसावरून सोडा, दोन्ही ठिकाणी खडूनं खूण करा आणि मधलं अंतर मोजा. पट्टी डोळ्यांच्या अंदाजानं धरू नका, दुसऱ्या माणसाला बाजूनं बघायला सांगा.

मापं जुळली तरी दोन गोष्टी पाहायच्या राहतात. पहिली तडे. ट्रायल्सच्या ॲल्युमिनियम फ्रेम्स हलक्या राहाव्यात म्हणून पातळ नळ्यांच्या असतात आणि त्यांचं आयुष्य मर्यादित असतं. हेड ट्यूबला खालची नळी जिथे जोडली आहे तिथे, बॉटम ब्रॅकेटच्या लगेच मागे चेनस्टेवर, आणि ब्रेकचे बोल्ट जिथे बसतात त्या जागी ओल्या फडक्यानं पुसून बॅटरीच्या तिरक्या उजेडात बघा. वेल्डच्या कडेनं केसाएवढी काळी रेघ दिसली आणि तिच्यात नख अडकलं, तर ती फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नका. उंच फोर्क लावून चालवलेली फ्रेम असेल तर हेड ट्यूब दुप्पट काळजीनं बघा, कारण लांब फोर्क म्हणजे त्या वेल्डवर लांब तरफ.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इंग्लंडमध्येही तसंच. स्पेन, फ्रान्स, जर्मनीकडून आलेल्या सायकलला तो बहुधा डाव्या हाताला असतो. पुढचं चाक वर निघालं असताना वाचवतो तो मागचा ब्रेक. तो आवळला की पुढचं चाक खाली येतं. त्या क्षणी हात विचार करत नाही, सवयीनं चालतो. म्हणून तुमच्या सवयीप्रमाणे लिव्हर बदलून घ्या आणि एक बोट कायम मागच्या ब्रेकवर राहू द्या. सपाट पायडल वापरा, गवतावर मुद्दाम चाक जास्त उचलून सायकल सोडून मागे पायांवर उतरण्याचा सराव करा. दगडावर जाण्याआधी एवढं यायलाच हवं.

फ्रेम बाहेरून मागवत असाल तर फोर्क तिच्यासोबतच मागवा, थोडे पैसे जास्त गेले तरी. तो मिळत नसेल तर मिळेपर्यंत थांबा. आणि विकणाऱ्याकडून पाच मापं लेखी घ्या: दोन आसांमधली लांबी, चेनस्टे, बॉटम ब्रॅकेटची उंची, हेड ट्यूबचा कोन आणि ही मापं ज्या फोर्कवर घेतली त्या फोर्कची उंची. पाचवं माप ज्याला सांगता येत नाही, त्याच्या पहिल्या चार मापांवर विश्वास ठेवू नका.